चकात गोल

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या नणंदेचा पाय मोडला. डावा, म्हणजे कृत्रिम. उजवा ठणठणीत आहे आणि आवाज त्याहून ठणठणीत, त्यामुळे जिन्यात बसून त्यांनी मला जी हाक मारली ती पलीकडच्या गल्लीनेही ऐकली असेल. मी धावत खाली गेले तर वन्सं शेवटच्या पायरीवर पाय मांडीवर घेऊन बसलेल्या आणि सासूबाई दारात डोक्याला हात लावून उभ्या.

"आई, रडतेस काय? मोडला तरी दुखत नाही, एवढा एकच फायदा आहे या पायाचा," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, ही बघ. ही कडी गेली."

गुडघ्याखालची वाटी आणि तिच्या खालची नळी जिथे जोडली जाते तिथे एक कडी असते. बांगडीहून रुंद, पण भिंत जेमतेम नाण्याएवढी जाड. नळी तिच्या आत घट्ट बसते आणि ती स्वतः वाटीच्या तळाशी असलेल्या खोबणीत. ती कडी उभी चिरली होती.

एरवी हे दुखणं काही महिने काठ्यांवर काढता आलं असतं. पण सोमवार तोंडावर आला होता. वन्सं ओतकामाच्या कारखान्यात क्रेन चालवतात. छताखालच्या रुळांवरून धावणारी मोठी क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन, आणि तिथे जायला भिंतीला टेकलेली उभी लोखंडी शिडी. ती शिडी त्या वर्षानुवर्षं त्याच पायाने चढत आल्या आहेत. पण कारखान्यात नवे साहेब आले. शर्टाची घडी कधी मोडत नाही म्हणून वन्सं त्यांना घरी इस्त्रीसाहेब म्हणतात. या इस्त्रीसाहेबांना पायाबद्दल कळलं आणि त्यांनी फर्मान काढलं: सोमवारी सकाळी माझ्यासमोर शिडी चढून दाखवा, नाही तर क्रेन दुसऱ्याला देतो आणि तुम्ही स्टोअरमधल्या टेबलावर बसा. काठ्या घेऊन कोणी शिडी चढत नाही.

"टेबल काय वाईट आहे म्हणते मी?" सासूबाई म्हणाल्या. "पंख्याखाली बसून पगार मिळेल."

"पंख्याखाली तू बस. मी पाय मागे घेणार नाही. एकच तर आहे," वन्सं म्हणाल्या.

पाय बसवणारे काका आमच्याच रस्त्यावर राहतात. ते येऊन बघून गेले. हे मॉडेल आता बंद झालंय, कडी मागवली तर यायला दोन-तीन महिने, असं ते चष्मा पुसत म्हणाले. आणि मला म्हणाले, "तू लेथवर टर्नर ना? करून आणलीस तर मी बसवून देतो. पण गोल पाहिजे. नळी आत जराही डुगडुगली तर मी बसवणार नाही, मग ही कितीही ओरडली तरी."

"करते," मी म्हटलं. मला राग जसा पटकन येतो तसा शब्दही पटकन येतो. विचार मागून सावकाश चालत येतो.

आमचं दोघींचं पटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंही आहे. भाजीतल्या मिठापासून मोरीतल्या दिव्यापर्यंत आम्हाला कोणताही विषय चालतो. पण मी एकदा वन्संचा डबा द्यायला कारखान्यात गेले होते आणि त्यांना वर बघितलं होतं. खाली वितळलेल्या लोखंडाची बादली, आजूबाजूला माणसं, आणि घरात सतत धुसफुसणारी ही बाई वर काचेत एकदम शांत. बादली इतकी अलगद आली की त्यातलं लोखंड हललंसुद्धा नाही. ती बाई टेबलावर बसून खिळ्यांचे खोके मोजणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. कदाचित त्यांच्यापेक्षाही मलाच ते जास्त जड गेलं असतं.

शनिवारी आमचं वर्कशॉप दुपारी बंद होतं. मी मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि भंगारातला एक अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. चांगल्या जातीचा, विमानाच्या कामातला उरलेला. त्यातून एक कडी निघाली असती आणि वर थोडा तुकडा उरला असता. दुसरा तसा तुकडा तिथे नव्हता.

लेथ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. इथे हत्यार स्थिर असतं आणि वस्तू फिरते; आम्ही त्या वस्तूला जॉब म्हणतो. जॉब फिरवायचा तर आधी धरायला हवा, आणि धरतो चक. चक म्हणजे तीन जबड्यांची लोखंडी मूठ. किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत सरकतात आणि जॉब मधोमध आवळला जातो. सोपं, झटपट. बघणाऱ्याला वाटतं की सगळी कला कापण्यात आहे. कापायला काय, हत्यार कापतं. माणसाचं डोकं लागतं ते धरण्याला.

आणि माझं डोकं त्या दिवशी सोमवारच्या शिडीवर होतं. कडीपुरता भाग कापून चकात धरला, बाहेरून कातला. उलटवून पुन्हा त्याच तीन जबड्यांत धरला, घट्ट, कारण सुटला तर तोंडावर येईल. आतून पोखरत गेले. भिंत पातळ होत होत नाण्याएवढी आली. चकात असतानाच डायल लावून बघितली. डायलचं बारीक बोट कडीच्या आतल्या अंगाला टेकवायचं आणि चक हाताने फिरवायचा. गोलाई बिघडली असेल तर काटा हलतो. काटा जागचा हलला नाही. मी स्वतःशीच शीळ घातली. जबडे सोडले, कडी काढली, व्हर्निअरने आतलं माप घेतलं. उभं, आडवं, तिरपं. सगळीकडून सारखं.

पिशवीतून पाय काढला. येताना तो पिशवीच्या तोंडातून डोकावत होता आणि रस्त्यातली माणसं वळून वळून बघत होती. नळी कडीत घातली. गेली, पण अर्ध्यात अडकली. रेटली तर गेली आणि डुगडुगली. एकाच वेळी घट्ट आणि सैल, हे मला कळेना. मी दोन्ही खिडकीसमोर धरलं तर नळी आणि कडीच्या मधून उजेडाच्या तीन चिरा दिसल्या. बरोबर तीन, जबडे होते तेवढ्या.

मी तिथेच खाली बसले.

आमच्या वर्कशॉपमध्ये 'चकात गोल' ही शिवी आहे. मालकासमोर सरळ आणि पाठ वळली की वाकडा, अशा माणसाला ती देतात. पण तिचा मूळ अर्थ हा. पातळ कडी तीन जबड्यांनी आवळली की तीन ठिकाणी आत दबते. त्या दबलेल्या कडीला आपण आतून छान गोल करतो. डायलही गोलच सांगते. मग जबडे सोडले की दबलेलं उसळून बाहेर येतं आणि आपण केलेली गोलाई त्याच्याबरोबर जाते. व्हर्निअरही फसवतो, कारण एका अंगाला कोपरा बाहेर गेला की त्याच्या समोरची बाजू तेवढीच आत आलेली असते, आणि समोरासमोर मोजलं की माप सारखंच भरतं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात सांगतात हे. मी स्वतः कितीजणांना सांगितलंय, आणि वर चार शब्द सुनावलेत. मला इतकी लाज वाटली की तिथे कोणी नव्हतं म्हणून बरं.

घरी गेले तेव्हा वन्सं ओट्यापाशी एका पायावर उभ्या राहून चपात्या लाटत होत्या. मी कडी समोर ठेवली.

"चकात गोल झाली," मी म्हटलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि त्याचाही राग आला.

वन्संनी कडी पिठाच्या हाताने उचलली, उजेडात फिरवली. मला वाटलं आता तोंडसुख घेतील. त्या म्हणाल्या, "तुकडा उरलाय का?"

"उरलाय. एक कडी होईल, जेमतेम. धरायला जास्तीचं काही शिल्लक नाही."

"मग उद्या मी पण येते."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"तुला ओरडायला कोणीतरी हवं," त्या म्हणाल्या. "एकटी असलीस की स्वतःवर ओरडतेस आणि काम बिघडवतेस."

रविवारी सकाळी आम्ही दोघी वर्कशॉपमध्ये. वन्सं काठ्या बाजूला टेकवून स्टुलावर बसल्या. उरलेला तुकडा मी बाकावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मोठा तुकडा असता तर प्रश्नच नव्हता: मागचा जाड भाग चकात धरायचा, कडी पूर्ण करायची आणि शेवटी कापून वेगळी करायची. इथे मागचा भागच नव्हता.

"चार जबड्यांचा चक आहे ना तुमच्याकडे? त्यात धर," वन्सं म्हणाल्या.

"मग तिकोनीऐवजी चौकोनी होईल."

"हळू धर."

"हळू धरलं तर उडून तुमच्या कपाळात बसेल."

"मऊ जबडे असतात म्हणतात."

"असतात. ते कडीच्या मापाने कातून घ्यायचे, म्हणजे सगळीकडून कवेत घेतात. आमचे सगळे वापरून संपलेत. नवे मालक आणणार आहेत, गेल्या वर्षीपासून." माझा पारा चढायला लागला होता. "वन्सं, मला विचार करू द्या."

त्यांनी बाकावरचा तुकडा उचलून हातात फिरवला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पातळ पाइप येतात, मोठे, भट्टीच्या धुराचे. मधोमध साखळी आवळून उचलले की चेपतात. एकदा चेपला आणि मी साखळीवाल्याला अशी झापली होती... तर आम्ही ते टोकांना धरतो. दोन्ही टोकांना आकडे, उभे दाबून. पोटाला हात लावत नाही. तुला टोकांना धरता येत नाही का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मला ते माहीत होतं. खरंच माहीत होतं, फक्त आठवत नव्हतं, आणि त्याची आठवण त्यांनी करून द्यावी हे मला झोंबलं.

"येतं," मी म्हटलं.

"मग कशाची वाट बघतेस?"

फेसप्लेट म्हणजे लेथच्या तोंडावर बसणारी एक जाडजूड लोखंडी थाळी, खाचा पाडलेली. तिच्यावर जॉब सपाट टेकवायचा आणि वरून पट्ट्या ठेवून बोल्टने दाबायचा. बाजूंनी कोणीच आवळत नाही, दाब येतो तो टोकावर, उभा. पण बसवायला वेळ लागतो आणि मधोमध आणायला जीव जातो, म्हणून आमच्याकडे कोणी तिला हात लावत नाही. ती दाराच्या मागे गंजत उभी होती. मी तिला पॉलिश पेपरने घासली, पुसली, चक उतरवला आणि ती चढवली. तुकडा अजून जाड आणि दणकट होता, म्हणून त्याचं एक टोक आधीच चकात धरून सपाट करून घेतलं होतं. वाकडं टोक दाबलं असतं तर पुन्हा तेच रडगाणं झालं असतं. थाळी आणि जॉबच्या मध्ये पातळ कागद घातला, म्हणजे घसरत नाही.

"आता हात लावा," मी वन्संना म्हटलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि तळव्याने जॉब थाळीला दाबून धरला. मी पट्ट्या ठेवून बोल्ट नुसते टेकवले, डायल लावली, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत जॉब मधोमध आणला. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा इकडे. मग हातोडी खाली ठेवली.

"आता तुमचं काम. मी एकेक बोल्ट थोडा थोडा आवळते. तुम्ही काट्याकडे बघायचं. आवळताना काटा हलला म्हणजे मी जॉबला वाकवतेय."

"मग काय करू?"

"ओरडा. त्यासाठीच आलायत ना."

समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळत गेले. काटा स्थिर होता. चौथ्या बोल्टला वन्सं ओरडल्या, "हलला! सैल कर!" मी सैल केला, पट्टीखाली आधाराला घातलेला कपटा सरकवला, पुन्हा आवळला. "हलला!" पुन्हा सैल. माझी मान आखडली, बोटं तेलाने घसरायला लागली. एकदा मला वाटलं, एवढासा हललेला चालेल, कोणाला कळणार आहे. मी तसं म्हटलंही.

"मला कळेल," वन्सं म्हणाल्या. "वरच्या पायरीवर कळेल."

मी पट्टी काढली, तिचा वाकडा कोपरा कानशीने घासला आणि पुन्हा बसवली. या वेळी आवळून झालं तरी काटा झोपल्यासारखा पडून राहिला.

आतून पोखरायला घेतलं. हत्यार नवीन धार लावून, कट अगदी बारीक. अ‍ॅल्युमिनियम तापलं की फुगतं, म्हणून मधेमधे थांबून गार होऊ दिलं. मला थांबणं जमत नाही. वन्सं दर वेळी माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवत होत्या. मी दोनदा हात झटकला, मग सोडून दिलं. कडी फेसप्लेटवर असतानाच तिच्यात नळी घालून बघितली. ती हवा दाबत आत गेली, सावकाश, आणि जिथे सोडली तिथे राहिली.

बाहेरची बाजू उरली होती, आणि त्यासाठी कडी पुन्हा जबड्यांत द्यायची नव्हती. चक पुन्हा चढवून त्यात लोखंडाची एक दांडी धरली, तिचा कडीच्या आतल्या मापाचा खुंटा कातला, तो न सोडता कडी त्याच्यावर चढवली, आणि पुढून वॉशर व नट लावून पुन्हा टोकांनाच दाबलं. बाहेरून कातत नेलं. भिंत नाण्याएवढी झाली. सूर्य मावळायला आला होता आणि खिडकीतला उजेड पिवळा पडला होता.

मी नट सोडला. कडी खुंट्यावरून काढली, नळीवर चढवली आणि खिडकीसमोर धरली. धरली, पण बघायचं धाडस होईना. वन्संनी माझ्या हातातून ती घेतली, एक डोळा मिटला आणि पुष्कळ वेळ फिरवत राहिल्या.

"उजेड नाही," त्या म्हणाल्या. "कुठेच नाही."

मी त्यांना मिठी मारली. हे आमच्या घरात आजवर झालेलं नाही. त्याही गोंधळल्या आणि म्हणाल्या, "बास, बास, तेलकट हात." पण सोडलं नाही त्यांनीही.

काकांनी रात्रीचं जेवण बाजूला ठेवून पाय जोडला. नळी पकडून हलवली, पिरगाळली, वन्संना दारापासून खिडकीपर्यंत चालवलं, जिना चढवला, उतरवला. मग काहीच न बोलता जेवायला बसले. आमच्या काकांच्या भाषेत ही शाबासकी.

सोमवारी मीही सुट्टी टाकून कारखान्यात गेले. इस्त्रीसाहेबांनी पाय बघितला, कडीवर बोट ठेवलं.

"हा भाग कंपनीचा नाही."

"नाही. मी केलाय," मी म्हटलं.

"याची खात्री कोण देणार?"

माझ्या डोक्यात राख गेली होती. पण साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर ते भांडायच्या बेतात नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "मागच्या नोकरीत माझ्यासमोर एक माणूस शिडीवरून पडला. त्याच्या बायकोला मी सांगायला गेलो होतो. म्हणून विचारतो."

माझा राग तिथेच विरला. मी म्हटलं, "साहेब, ही माझी नणंद आहे. घरी आमचं रोज भांडण होतं. पण ती पडली तर मला जगता येणार नाही. ही खात्री पुरे का?"

साहेब शिडीपासून बाजूला झाले. वन्संनी माझ्याकडे एक नजर टाकली, तीत काय होतं ते मी सांगणार नाही, आणि शिडीला हात घातला.

त्या चढू लागल्या. उजवा, मग डावा, मग उजवा. भट्टीपाशी काम करणारी माणसं थांबून वर बघत होती. मी खाली शिडीपासून थोडी पुढे सरकून, मान मागे टाकून उभी होते. अर्ध्या वाटेवर वन्सं थांबल्या. साहेब दोन पावलं पुढे आले. वन्संनी दोन्ही हातांनी दांडे धरले, उजवा पाय पायरीवरून उचलला आणि नुसत्या डाव्या पायावर उभ्या राहिल्या. सगळा भार त्या कडीवर. खाली वळून साहेबांकडे बघितलं. पुरेसं बघून झाल्यावर उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवला आणि पुढे चढल्या.

केबिनचं दार लागलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, उतरायला सांगा, मी बघितलं." पण वर कोणाला ऐकू जाणार? क्रेनची घंटा वाजली, रुळांवर घरघर झाली, आणि काचेची खिडकी सरकवून वन्संनी डोकं बाहेर काढलं.

"ओ साहेब, हुकाखालून बाजूला व्हा!" तो आवाज, ज्याला घरी मी वैतागते, अख्ख्या कारखान्यात घुमला. "खाली माणूस असताना मी क्रेन हलवत नाही. पाळी सुरू झालीय माझी!"

साहेब लगबगीने बाजूला झाले. मीही झाले, कारण मीही हुकाखालीच उभी होते.